एका आठवड्याचे राज्य

(कार्यकर्त्यांच्या उन्हाळी अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेत शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली, की अकरावी संपवून बारावीत जाणारी काही हजार मुले एकेक पिशवी खांद्याला लावून आपापल्या राज्यातील एखाद्या विद्यापीठाच्या वाटेला लागतात. सुटीमुळे रिकाम्या झालेल्या वसतिगृहांत ती उतरतात आणि पुढच्या आठवडाभरात तेथे एक राज्य उभे करतात. त्या राज्यात गावे असतात, जिल्हे असतात, दोन राजकीय पक्ष असतात, विधिमंडळ व न्यायालय असते आणि निवडून आलेला गव्हर्नरही असतो. तेथील गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा नेमलेला राज्यपाल नव्हे. लोकांच्या मतांवर सत्ता चालवणारा राज्याचा प्रमुख. आठवडा सरला, की हे राज्य विसर्जित होते आणि मुले घरोघर परततात. या उपक्रमाला 'बॉइज स्टेट', म्हणजे मुलांचे राज्य, असे नाव आहे. १९३५ साली तो इलिनॉय राज्यात सुरू झाला आणि पुढे अमेरिकेच्या बहुतेक सर्व राज्यांत पसरला.

दूरदेशीच्या शाळकरी मुलांच्या या खेळाचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी कशासाठी करावा, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे, की हा खेळ डाव्या चळवळीला शह देण्यासाठीच जन्माला आला. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. लोकशाही शिकवता येते काय, आणि शिकवू म्हटले तर तिच्यातले नेमके काय शिकवले जाते व काय वगळले जाते, हा प्रश्न अमेरिकेइतकाच आपलाही आहे. शिबिरे भरवण्याची परंपरा सांगणाऱ्या चळवळीला तो टाळता येणार नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. हा उपक्रम चालवणारी 'अमेरिकन लीजन' ही माजी सैनिकांची संघटना पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली स्थापन झाली. तिच्या चरित्राला दोन बाजू आहेत आणि न्यायबुद्धीने दोन्ही सांगितल्या पाहिजेत. स्थापनेच्याच वर्षी, ११ नोव्हेंबर १९१९ रोजी, वॉशिंग्टन राज्यातील सेंट्रेलिया या लाकूडकामगारांच्या गावी लीजनची मिरवणूक 'इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड' या कामगार संघटनेच्या कार्यालयासमोर आली असता चकमक झाली. गोळीबारात लीजनची चार माणसे मृत्युमुखी पडली. आणि त्याच रात्री जमावाने वेस्ली एव्हरेस्ट या कामगाराला तुरुंगातून ओढून नेऊन पुलावर फाशी दिले. हा एव्हरेस्ट स्वतःही युद्धकाळात सैन्यात राहिलेला होता. कामगार चळवळीकडे राष्ट्रद्रोह म्हणून पाहण्याची लीजनची दृष्टी या काळात घडली. दुसरी बाजू अशी, की १९४४ साली परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिक्षण व घरासाठी सवलतीचे कर्ज देणारा जो प्रसिद्ध कायदा झाला, त्याचा मसुदा लीजनच्याच एका माजी अध्यक्षाने केला होता. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पदरी त्यातले फारच थोडे पडले, हे खरे. तथापि नागरिकाच्या उन्नतीचा भार सरकारने उचलावा हे तत्त्व लीजनने आपल्या सभासदांपुरते का होईना मान्य केले होते.

१९३५ साल हे महामंदीतले होते. काम मागणाऱ्या अमेरिकन माणसांपैकी सुमारे पाचवा हिस्सा बेकार होता. जुनी लोकशाही आता कालबाह्य झाली, असे युरोपातून उजवे आणि डावे दोघेही सांगत होते आणि अमेरिकेतही तरुणांना ते पटू लागले होते. कम्युनिस्टांच्या प्रभावाखालील 'यंग पायोनियर' शिबिरांत कामगारांच्या मुलांना वेगळ्या समाजरचनेचे धडे मिळत होते. त्याला तोड म्हणून हेज केनेडी आणि हॅरॉल्ड कार्ड या इलिनॉयमधील लीजनच्या दोन कार्यकर्त्यांनी मुलांच्या राज्याची कल्पना मांडली. स्प्रिंगफील्ड येथील राज्याच्या जत्रेच्या मैदानावर पहिले शिबिर भरले. यातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. शत्रूची पुस्तके जप्त करून भागणार नाही, त्याचे साधन आपण उचलले पाहिजे, हे या दोघांना कळले होते. आणि शिबिर हेच ते साधन होते. १९३७ साली लीजनच्या महिला शाखेने मुलींसाठी वेगळे राज्य सुरू केले. १९४६ पासून प्रत्येक राज्यातून निवडलेल्या दोन-दोन मुलांचे राष्ट्रीय अधिवेशन वॉशिंग्टन शहरात भरू लागले.

आता या राज्याचा नागरिक झालेल्या मुलाचा आठवडा कसा जातो ते पाहू. मुलगा आपल्या पैशाने आलेला नसतो. लीजनच्या गावोगावच्या शाखा किंवा स्थानिक संस्था त्याचा खर्च उचलतात. आल्या आल्या त्याला छापील सदरा आणि नावाची पट्टी मिळते. वसतिगृहाचा जो मजला त्याच्या वाट्याला येतो, ते त्याचे 'शहर'. कोणत्या पक्षात जायचे, हेही तो ठरवत नाही. सामान्यतः 'फेडरलिस्ट' आणि 'नॅशनलिस्ट' अशा नावांचे दोन पक्ष असतात आणि मुले त्यांत अविचाराने, म्हणजे कोणाचाही विचार न पाहता, वाटून दिली जातात. पक्षाला आधी काहीच मत नसते. जाहीरनामा मुलांनीच लिहायचा, अध्यक्ष त्यांनीच निवडायचा, उमेदवारीसाठी सह्या त्यांनीच गोळा करायच्या. सकाळी ध्वजवंदन, मग सभा, दुपारी प्रचार, संध्याकाळी खेळ आणि वाद्यवृंद. नगराध्यक्षापासून सुरुवात होऊन शेवटी गव्हर्नरची निवडणूक होते.

या व्यवस्थेचे गुण उघड आहेत आणि ते कबूल करण्यात कमीपणा नाही. शेकडो अनोळखी मुलांपुढे उभे राहून बोलणे, सभेचे नियम पाळून दुरुस्ती मांडणे, आपला ठराव पडल्यावर पुन्हा बाकावर बसून पुढच्या ठरावावर मत देणे, या गोष्टी पुस्तकाने येत नाहीत. शेतकऱ्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा येथे एका खोलीत झोपतात. पराभूत उमेदवार विजयी उमेदवाराचा हात हातात घेतो. सोळाव्या वर्षी पराभव पचवायला शिकलेला माणूस पुढे लोकशाहीला सहसा धोका ठरत नाही.

परंतु या खेळात आणखीही काही शिकले जाते. २०१८ साली टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे भरलेल्या हजाराहून अधिक मुलांच्या राज्याचे चित्रण अमांडा मॅकबेन आणि जेसी मॉस या दिग्दर्शकांनी केले आणि त्यांचा 'बॉइज स्टेट' हा माहितीपट २०२० साली सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्यांचे लक्ष टेक्सासकडे वळण्याचे कारणही बोलके होते. आदल्या वर्षी, २०१७ साली, तेथील मुलांच्या विधिमंडळाने टेक्सासने संघराज्यातून फुटून निघावे असा ठराव संमत केला होता. १८६१ साली टेक्सास खरोखरच फुटून निघाले होते, ते गुलामगिरी राखण्यासाठी. आणि राज्याला असे एकतर्फी फुटता येत नाही, असा निर्णय १८६९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे. मुलांच्या ठरावात द्वेष होता असे नाही. टाळ्या मिळतात म्हणून तो आला आणि टाळ्यांनीच तो संमत झाला. ज्या राज्यात ठरावाची किंमत कोणालाच द्यावी लागत नाही, तेथे असे ठराव स्वस्त होतात.

चित्रपटातील दोन मुले विशेष लक्षात राहतात. एक देखणा, लोकप्रिय मुलगा गव्हर्नरपदासाठी उभा राहतो आणि गर्भपाताच्या विरोधात भाषण करतो. श्रोत्यांचा कल तसा आहे. नंतर कॅमेऱ्यापुढे तो कबूल करतो, की त्याचे स्वतःचे मत याच्या उलट आहे. पण खरे मत सांगून निवडून येता येत नाही. त्याच्या वयाच्या मुलाने हे इतक्या सहजपणे सांगावे, याचे प्रेक्षकाला दुःख होते. दुसरा मुलगा मेक्सिकोतून आलेल्या आईचा, अबोल, साध्या घरातला. तो रात्री उशिरापर्यंत एकेका मुलाला भेटून त्याला काय वाटते ते विचारतो आणि त्या ऐकण्याच्या बळावर पक्षाची उमेदवारी मिळवतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लॉरिडातील पार्कलंड येथील शाळेत झालेल्या गोळीबारात सतरा जणांचा बळी गेला होता. त्यानंतर बंदुकांवर नियंत्रण मागणारे जे मोर्चे देशभर निघाले, त्यांतील एकाच्या संघटनेत या मुलाचा वाटा होता. प्रतिपक्षाने ही गोष्ट हुडकून काढली आणि तीच त्याच्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरली. मुलगा हरला. खेळातल्या राज्याबाहेर त्याने केलेले एकमेव खरे राजकीय काम त्या राज्यात त्याचा दोष ठरले.

मुले वाईट होती, असा याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. त्यांना जे नियम दिले गेले, त्यांत जिंकण्याखेरीज दुसरे काही मोजलेच जात नव्हते. राज्याला पक्ष होते, पण पक्षांना पाया नव्हता. प्रत्यक्ष समाजात पक्ष हितसंबंधांतून उगवतो. कोणाची जमीन, कोणाची मजुरी, कोणाचे भाडे, कोणाचा कर, यांच्या ओढाताणीतून त्याची धोरणे ठरतात. मुलांच्या राज्यात यांपैकी काहीच नसते. काही ठिकाणी नावापुरती बँक किंवा कर असतात; पण कोणाची भाकरी त्यावर अवलंबून नसते. हितसंबंध काढून घेतले, की राजकारणात उरतात त्या अस्मिता, घोषणा आणि कुरघोडी. बंदूक, गर्भपात आणि फुटून निघणे हेच विषय तेथे का पुढे येतात, याचा उलगडा येथे होतो. ज्यांना भाडे भरायचे नाही, ते भाडेनियंत्रणावर भांडत नाहीत.

याहून मौजेची गोष्ट एक आहे. त्या आठवड्यात प्रत्येक मुलाला सारखा बिछाना मिळतो. प्रत्येकजण एकाच भोजनगृहात एकच अन्न जेवतो. कोणी आजारी पडला तर त्याची व्यवस्था होते आणि बिल त्याच्या बापाची मिळकत पाहून ठरत नाही. सगळ्यांचा खर्च सामाईक निधीतून होतो. म्हणजे ज्या पायावर मुले निश्चिंतपणे राज्य-राज्य खेळू शकतात, तो पाया संपूर्ण समतेचा आहे. विधिमंडळात शेकडो ठराव येतात. पण आपण या आठवड्यात जसे राहतो तसे राज्यातील सर्वांना का राहता येऊ नये, हा साधा प्रश्न अजेंड्यावर येत नाही. समाजवादाला शह देण्यासाठी काढलेल्या शिबिराला स्वतः चालण्यासाठी आठवडाभर समता अमलात आणावी लागते, आणि कोणाच्या ते ध्यानातही येत नाही.

समतेची ही मर्यादाही सांगितली पाहिजे, की ती मुलांपुरती आहे. मुलींचे राज्य वेगळे. याच दिग्दर्शकांनी २०२२ साली मिसुरी राज्यातील मुलींच्या राज्याचे चित्रण केले. त्या वर्षी मुलांचे आणि मुलींचे राज्य प्रथमच एका विद्यापीठाच्या आवारात भरले होते, म्हणून तुलना सहज झाली. मुलांकडे पैसा अधिक होता, मोकळीक अधिक होती. मुलींना पोशाखाचे नियम आणि एकटीने न फिरण्याची ताकीद होती. गर्भपाताचा घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालय काढून घेणार, हे तेव्हा सर्वांना दिसत होते. ज्यांच्या देहाचा हा प्रश्न होता, त्या वेगळ्या राज्यात होत्या.

मग या शिबिरांतून चांगले काहीच निघत नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. २४ जुलै १९६३ रोजी राष्ट्रीय अधिवेशनाला आलेल्या मुलांना अध्यक्ष केनेडी यांनी आपल्या निवासस्थानी बोलावले. आर्कान्सा राज्यातून आलेल्या बिल क्लिंटन नावाच्या मुलाने पुढे सरसावून त्यांच्याशी हस्तांदोलन केले. पुढे १९९३ साली तोच मुलगा अध्यक्ष म्हणून त्या निवासस्थानी राहायला गेला. छायाचित्रामुळे ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की त्या वर्षी मुलांच्या अधिवेशनाने नागरी हक्कांच्या बाजूने ठराव केला होता, आणि तुम्ही राज्यांच्या गव्हर्नरांच्या परिषदेपेक्षा अधिक पुढाकार दाखवलात, अशा आशयाचे कौतुक केनेडींनी केले होते. दक्षिणेतल्या गोऱ्या मुलांपैकी काहींनी त्या ठरावाला पाठिंबा देणे ही सोपी गोष्ट नव्हती.

पण कायदा त्या ठरावाने झाला नाही. महिन्याभरानंतर, २८ ऑगस्ट १९६३ रोजी, सुमारे अडीच लाख लोक वॉशिंग्टनमध्ये जमले. त्या मोर्चाचे नेतृत्व करणारे ए. फिलिप रँडॉल्फ आणि त्याची बारीकसारीक आखणी करणारे बायर्ड रस्टिन हे दोघेही समाजवादी परंपरेतले होते; आणि मोर्चाची मागणी 'काम आणि स्वातंत्र्य' अशी जोडून केलेली होती. पुढच्या वर्षी, मे १९६४ मध्ये, मिसिसिपीतील जॅक्सन शहरी एका उपाहारगृहाने डॉ. राममनोहर लोहियांना वर्णामुळे प्रवेश नाकारला. लोहिया पूर्वसूचना देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. अमेरिकेत असे हजारो स्त्री-पुरुष तेव्हा उपाहारगृहांच्या दारात आणि तुरुंगांत बसत होते. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला, तो या सर्वांच्या बळावर. मुलांचा ठराव त्या प्रवाहातला एक थेंब होता. थेंब म्हणून त्याचे मोल आहेच.

लोहियांनी कार्यकर्त्यापुढे तीन साधने ठेवली होती: फावडे, मतपेटी आणि तुरुंग. विधायक काम, निवडणूक आणि सविनय प्रतिकार. या कसोटीला लावले, तर मुलांच्या राज्याचे उणेपण एका वाक्यात सांगता येते. तेथे मतपेटी उत्तम शिकवतात आणि उरलेल्या दोन साधनांचे नावही काढत नाहीत. फावड्याचे काम नाही म्हणून राज्याची माती हाताला लागत नाही. तुरुंगाचे भान नाही म्हणून मतासाठी मत बदलायला काहीच आड येत नाही.

येथवर टीका सोपी होती. आता तीच कसोटी स्वतःला लावली पाहिजे. ४ जून १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाने महाराष्ट्रात जी शिबिरे घेतली, त्यांत फावडे होते, श्रमदान होते, मुले आणि मुली एकत्र होत्या, एकत्र भोजन होते, जातीची पंगत मोडलेली होती, कलापथक होते. तुरुंगाची शिकवण तर बेचाळीसने आणि पुढे पंचाहत्तरने दिली. अमेरिकेतील मुलांना जे मिळत नाही, ते सारे या शिबिरांत मिळत होते. पण मतपेटी? सभेचे कामकाज कसे चालवावे, मतभेद असताना एका जाहीरनाम्यावर कसे यावे, आपला उमेदवार पडल्यावर निवडून आलेल्याचे काम कसे करावे, हे किती शिबिरांत शिकवले गेले? ऑस्टिनची मुले ज्या पक्षात चिठ्ठीने पडली, त्या पक्षात आठवडाभर तरी टिकली. समाजवादी मंडळी १९५५ साली फुटली, १९६४ साली एकत्र आली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा फुटली. १९७१ साली जुळली आणि १९७७ साली जनता पक्षात विलीन झाली. प्रत्येक फुटीमागे तत्त्व होते, हे कोणी नाकारणार नाही. परंतु बहुमतापुढे मान तुकवून आत राहण्याचे शिक्षण आपण कमी लेखले, हेही नाकारता येणार नाही. सत्तेच्या व्यवहाराला मलिन समजून आपण तो विषय शिबिराबाहेर ठेवला, आणि ज्यांना तो मलिन वाटला नाही त्यांनी तो आपल्याविना शिकून घेतला.

महाविद्यालयांकडूनही तो अभ्यास सुटला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका संपल्या आणि गुणांवरून नेमणुका सुरू झाल्या. २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली. पण २०१९ साली त्या होणार म्हणून जाहीर होऊन लांबणीवर टाकल्या गेल्या. गुंडगिरी टाळण्यासाठी मतदान बंद करणे म्हणजे तळ्यात बुडण्याच्या भयाने पोहणे बंद करण्यासारखे आहे. अठराव्या वर्षी आमदार निवडण्याचा हक्क असलेल्या मुलाला वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा सराव नाही, अशा अवस्थेत एक पिढी मोठी झाली.

म्हणून सूचना अशी, की आपल्या पुढच्या शिबिरांत लीजनच्या या खेळाचा सांगाडा निःसंकोच घ्यावा. त्यांनी १९३५ साली डाव्यांचे साधन उचलले, आपण आता ते परत घ्यावे. मात्र चार बदल करून. पहिला, राज्य मुला-मुलींचे एकत्र असावे. दुसरा, चिठ्ठीने नुसता पक्ष वाटू नये, मिळकतही वाटावी: एकाच्या वाट्याला भूमिहीन मजुराचे घर यावे, एकाच्या वाट्याला कोरडवाहू तीन एकर, एकाच्या वाट्याला कंत्राटदाराचा व्यवसाय, आणि आठवडाभर त्याने त्याच घरातून मत द्यावे. तिसरा, विधिमंडळाला अंदाजपत्रक असावे. खर्चाचा ठराव मांडणाऱ्याने कर कोणावर बसवायचा हे त्याच ठरावात लिहावे. अर्थशास्त्राचा एवढा एक धडा मुलांनी घरी नेला, तरी पुष्कळ झाले. चौथा, सकाळचे दोन तास फावड्याचे असावेत आणि शेवटच्या दिवशी मुलांनी ज्या गावी शिबिर भरले तेथील ग्रामसभेला जाऊन मागे बसावे. कोण बोलते, कोणाला बोलू दिले जात नाही, बायका कोठे बसतात, ठराव कोण लिहितो, हे पाहावे आणि परत आल्यावर आपल्या राज्याशी ताडून पाहावे.

ऑस्टिनचा तो अबोल मुलगा निवडणूक हरला. पण त्याच्या पक्षातल्या कित्येकांनी त्याला दिलेले मत हे त्यांचे ऐकून घेणाऱ्या माणसाला दिलेले पहिले मत होते. अशा मुलांना आठवड्यानंतरही जागा देणारे राज्य कोणीतरी उभे केले पाहिजे. ते काम लीजन करणार नाही. दिवाळीच्या सुटीला अजून अवधी आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने तोवर एका शिबिराची जागा, एक स्वयंपाकघर आणि चाळीस मुला-मुलींची नावे निश्चित करावीत.